स्वच्छतेचे शिक्षण : सवय, साधन आणि सन्मान

निवासी शाळेतील लहान मूल दिवसरात्र शाळेच्या छायेत वाढत असते. घरी आई जे न बोलता करून घेते, ते येथे शिक्षकांना आणि अधीक्षकांना करून घ्यावे लागते. म्हणून पहिली ते चौथीच्या मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्याइतकेच दात घासणे, नखे कापणे, कपडे धुणे, अंथरुणाची घडी घालणे हेही आमच्या अध्यापनाचे विषय आहेत. या विषयांना पाठ्यपुस्तकात थोडी पाने असतात. वसतिगृहात मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंतचे सारे तास असतात.

स्मरणिकेच्या निमित्ताने या शिक्षणाची आमची पद्धत आणि तिच्यामागील विचार पालकांपुढे व माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे आम्हांला वाटले. या पद्धतीची पहिली अट अशी, की स्वच्छता शिकविताना मुलाच्या मनात स्वतःविषयी लाज निर्माण होता कामा नये. या अटीची कारणे आरोग्यशास्त्रात आहेत, तशीच आपल्या समाजाच्या इतिहासातही आहेत. त्या इतिहासापासून आरंभ करणे योग्य ठरेल.

शुद्धी आणि स्वच्छता

आपला रायगड जिल्हा 1981 पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई. याच जिल्ह्यातील महाड येथे 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्येच केला होता; महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही अस्पृश्यांच्या स्पर्शाने तळे बाटले असे ठरवून सनातन्यांनी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी ओतल्या आणि तळे शुद्ध झाल्याचे घोषित केले.

हा प्रसंग आम्ही चौथीच्या वर्गात इतिहास म्हणून सांगतो, आणि त्याच तासाला आरोग्याचा पाठ म्हणूनही घेतो. मुलांना दोन प्रश्न विचारतो. माणसाने ओंजळीने पाणी प्याल्याने तळे घाण होते का? आणि शेण ओतल्याने ते स्वच्छ होते का? नऊ-दहा वर्षांच्या मुलांना उत्तर शोधावे लागत नाही. शुद्धी ही कल्पना माणसामाणसांत भिंत उभी करते, आणि स्वच्छता ही पाणी, साबण व श्रम यांनी साध्य होणारी, डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे, हा भेद त्यांना त्या दोन प्रश्नांतच कळतो.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. ज्यांना पाणवठ्याच्या पायरीवर येऊ दिले नाही, त्यांनाच अस्वच्छ म्हणून दूर लोटण्यात आले. आधी पाणी नाकारायचे आणि मग मळकटपणाचा दोष द्यायचा, असा तो न्याय होता. महात्मा जोतीराव फुले यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, त्याचे मोल म्हणूनच फार मोठे आहे. त्यांनी उपदेश करण्याऐवजी पाणी दिले. बाबासाहेबांनी डिसेंबर 1927 मध्ये महाड येथे आणि पुढे जुलै 1942 मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत आपल्या भगिनींना राहणीमानाविषयी, मुलामुलींच्या शिक्षणाविषयी आणि स्वच्छतेविषयी जे सांगितले, त्याचा अर्थही याच संदर्भात समजतो. त्यांच्या सांगण्यात स्वच्छता ही स्वाभिमानाची बाब होती. कोणाच्या दारी मान्यता मिळविण्यासाठी ती नव्हती.

धम्मातील आधार

स्वच्छतेचे हे आकलन आपल्या धम्मपरंपरेत फार जुने आहे. थेरीगाथेतील पुण्णिका ही घरोघरी नव्हे, तर आपल्या धन्याच्या घरी थंडीवाऱ्यात पाणी वाहणारी दासी. कडाक्याच्या थंडीत पाप धुण्यासाठी नदीत उतरलेल्या ब्राह्मणाला ती विचारते, की पाण्याने पाप धुतले जात असेल, तर बेडूक, कासवे आणि पाण्यातील इतर जीव सगळेच स्वर्गाला जाणार काय? स्नानाने अंगाचा मळ जातो, मनाचा जाण्यासाठी आचरण बदलावे लागते, हे तिचे म्हणणे मुलांना हसतहसत पटते.

विनयपिटकात तर भिक्खूंच्या दैनंदिन स्वच्छतेचे बारीकसारीक नियम आहेत. दात घासण्याची काडी, पाणी गाळण्याचे वस्त्र, स्नानगृह, झाडलोट, पाण्याचे भांडे भरून ठेवणे अशा गोष्टींचा त्यांत विचार केलेला आहे. चुल्लवग्गातील शौचगृहाविषयीचा एक नियम आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. आरंभी भिक्खू ज्येष्ठतेच्या क्रमाने शौचास जात. आधी येऊन थांबलेल्या नवख्या भिक्खूंना ताटकळत राहावे लागे, आणि वेग रोखून धरल्यामुळे त्यांना मूर्च्छा येई. तेव्हा भगवंतांनी सांगितले, की येथे ज्येष्ठता पाहू नये, जो आधी आला त्याने आधी जावे. त्याच प्रकरणात असेही आहे, की शौचगृह घाण दिसल्यास ते झाडावे आणि भांड्यात पाणी नसल्यास भरून ठेवावे. हे कर्तव्य कोण्या एका जातीच्या वा कुळाच्या भिक्खूवर सोपविलेले नाही. ज्याला घाण दिसली, काम त्याचे.

आजारी भिक्खूची कथा तर बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. अतिसाराने जर्जर होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः धुतले, उचलून मंचकावर निजविले आणि मग संघाला रुग्णसेवेचा उपदेश केला. आधी हात पुढे केला, शब्द नंतर आले. स्वच्छता शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा क्रम ध्यानात ठेवावा असे आम्ही मानतो.

आमच्याकडे येणारे मूल

कडाव आणि भोवतालचा कर्जत-खालापूरचा प्रदेश पावसाचा आणि भातशेतीचा. पावसाळ्याचे चार महिने सर्वत्र चिखल. चैत्र-वैशाखात मात्र डोंगरावरच्या वाड्यांना हंडाभर पाण्यासाठी दूर चालावे लागते. आमच्या परिसरात बौद्ध कुटुंबे आहेत, ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. कातकरी कुटुंबांपैकी अनेकांना पावसाळा सरल्यावर वीटभट्टीच्या कामासाठी गाव सोडावे लागते.

अशा घरातून आलेल्या मुलाला अस्वच्छ म्हणणे अज्ञानाचे आहे. ज्या घराचे अंगण शेणाने सारवलेले आणि चूल लिंपलेली असते, त्या घरातील मुलाला नीटनेटकेपणाची ओळख असतेच. त्याला नवे असतात ते नळ, फरशीचे शौचालय, साबणाची वडी, कपडे वाळत घालण्याची सामाईक दोरी. पाणी जपून वापरण्याचे भान तर त्याला शहरातील मुलापेक्षा अधिक असते. म्हणून प्रवेशानंतरचे पहिले काही दिवस आम्ही या साधनांची ओळख करून देण्यासाठी राखून ठेवतो. नळ कसा उघडावा आणि बंद करावा, शौचालयात कसे बसावे, पाणी किती ओतावे, हे प्रत्यक्ष दाखवितो. ही माहिती मुलाला आहेच असे गृहीत धरले, की ते गोंधळते आणि हसण्याचा विषय होते. मग ते मागच्या शेतात जाऊ लागते.

या बाबतीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे कार्य आम्हांला मार्गदर्शक वाटते. 1945 मध्ये बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी ग्रामीण व आदिवासी बालकांसाठी जे शिक्षण उभारले, त्यात आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे हा बालवाडीच्या दिवसाचाच भाग होता. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. मूल आधी स्वच्छ होऊन यावे आणि मग त्याला शिकवावे, अशी अट त्यांनी घातली नाही. स्वच्छ होणे हेच पहिले शिक्षण मानले.

सवय कशी लागते

सवय लागण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात : ठरलेली वेळ, हाताशी असलेले साधन आणि सोबत करणारे मोठे माणूस. यांपैकी एक नसले तरी उपदेश वाया जातो. जेवणघराच्या वाटेवर नळ आणि साबण असेल, तर हात धुतले जातात. साबण अधीक्षकांच्या कपाटात असेल, तर धुतले जात नाहीत. साबण नळाशेजारी जाळीच्या पिशवीत टांगला, की तो चिखलात पडत नाही आणि लवकर विरघळतही नाही. माठातील पाणी ओगराळ्यानेच काढायचे असा नियम करण्याआधी ओगराळे माठाजवळ टांगलेले हवे.

हात धुण्याचा पाठ आम्ही असा घेतो. मुलांच्या तळहातांना थोडे तेल लावून वर हळद चोळतो. अर्ध्या मुलांना नुसत्या पाण्याने, तर उरलेल्यांना साबणाने हात धुवायला सांगतो. नुसत्या पाण्याने पिवळेपणा जात नाही. बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना तो तसाच राहतो. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला, म्हणून तेलासह मळ निघून जातो, एवढे शास्त्र मुलांना सहज समजते. किमान वीस सेकंद हात चोळायचे हे लक्षात राहावे म्हणून दोनचा पाढा सावकाश दोनदा म्हणायला सांगतो. पाढाही पक्का होतो.

डोळ्यांना न दिसणारा जंतू कसा पसरतो, हे दाखविण्यासाठी एका मुलाच्या हाताला रांगोळीची रंगीत पूड लावतो आणि सर्वांना ओळीने हस्तांदोलन करायला लावतो. थोड्याच वेळात ती पूड दाराच्या कडीवर, पुस्तकावर आणि कोणाच्या तरी गालावर सापडते. त्या दिवशी त्याविषयी वेगळे भाषण द्यावे लागत नाही.

या साध्या सवयीचे महत्त्व जगभरच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. व्हिएन्नातील डॉ. सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये प्रसूतिगृहातील डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास भाग पाडले, तेव्हा बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांत शेकडा अठरावरून दोनच्या आसपास आले. अलीकडे कराचीच्या गरीब वस्त्यांत झालेला आणि 2005 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा आहे. ज्या घरांना साबण आणि हात धुण्याचे नियमित मार्गदर्शन मिळाले, तेथील पंधरा वर्षांखालील मुलांत अतिसाराचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले, आणि पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनिया निम्म्यावर आला. साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांत फरक दिसला नाही. तेव्हा महागडा साबण परवडत नाही म्हणून कोणत्याही पालकाने खंत करू नये.

लाजेविना उपचार

सामूहिक निवासात खरूज, उवा आणि जंत हे नेहमीचे पाहुणे. त्यांच्याशी व्यवहार करताना शिक्षकाची खरी कसोटी लागते.

खरूज हा त्वचेत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्याचा उपद्रव आहे. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात; तोवर शेजारी झोपणाऱ्यांना ती पोहोचलेली असते. म्हणून खाजविणाऱ्या एकाच मुलाला वेगळे बसविणे निष्ठुरपणाचे तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने खोलीतील सर्वांना एकाच दिवशी मलम लावावे, कपडे व अंथरूण गरम पाण्याने धुवून कडक उन्हात वाळवावे, हाच उपाय. सर्वांना एकत्र औषध लावले, की कोणाची खरूज कोणाकडून आली हा प्रश्नही उरत नाही.

उवांचेही तसेच. लिखांतून उवा बाहेर पडण्यास सात ते दहा दिवस लागतात. त्यामुळे एकदा औषध लावून भागत नाही. पुन्हा बारीक फणीने केस विंचरावे लागतात. त्यासाठी मुलीचे केस भादरणे आम्ही अयोग्य मानतो. त्या डोक्याकडे पाहून वर्ग हसतो, आणि ते हसणे केस वाढल्यावरही मुलीच्या मनातून जात नाही.

जंतांसाठी दरवर्षी 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनांना शाळेत 400 मिलिग्रॅम अल्बेन्डॅझोलची गोळी चावून खाण्यास देतात. गोळीने पोटातील जंत जातात, पण मातीतील अंडी आणि अळ्या जात नाहीत. अंडी नखांतून पोटात जातात, आणि अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पावलांच्या त्वचेतून शिरतात. म्हणून पावसाळ्यात चप्पल, कापलेली नखे आणि शौचालयाचा वापर या तिन्ही गोष्टी गोळीइतक्याच आवश्यक आहेत. भातखाचरातील पाण्यातून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका ध्यानात घेऊन पायाची जखम झाकणे आणि शेतातून आल्यावर पाय साबणाने धुणे, हेही आम्ही शिकवितो.

लहान मुलांपैकी काही जण रात्री अंथरूण ओले करतात. घर सोडून आलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत यात नवल काहीच नाही. अशा वेळी इतर मुले उठण्यापूर्वी चादर बदलावी, सतरंजी उन्हात टाकावी आणि त्याविषयी बोलू नये. रात्री एकदा हाक मारून उठविले, की बरेचसे काम होते. परिपाठाच्या वेळी नखे, केस आणि गणवेश पाहण्याची प्रथा उपयुक्त आहे. मात्र ज्याची नखे वाढली आहेत त्याला सर्वांपुढे उभे करण्यापेक्षा नखकात्रण घेऊन त्याच्याजवळ बसणे अधिक चांगले. वयात येऊ लागलेल्या मुलींना मासिक पाळीची माहिती शिक्षिकांनी वेळेपूर्वीच द्यावी, आणि त्या चार दिवसांत वंदनेला, स्वयंपाकघरात वा पंक्तीत कोणताही मज्जाव असू नये. विटाळ ही कल्पना चवदार तळ्याच्या शुद्धीचीच बहीण आहे.

मुलांना चुल्लपंथकाची कथा फार आवडते. चार महिन्यांत एक गाथाही पाठ होईना, म्हणून सख्ख्या भावाने त्याला विहार सोडून जायला सांगितले. भगवंतांनी मात्र त्याच्या हाती एक स्वच्छ पांढरे वस्त्र दिले आणि ते चोळीत बसण्यास सांगितले. वस्त्र हळूहळू मळत गेले, आणि ते पाहतापाहता अनित्यता त्याच्या ध्यानी आली. जो भावाला मंद वाटला, त्याला भगवंतांनी त्याच्या हाताने शिकविले. आमच्या वर्गांतही असे हाताने शिकणारे पुष्कळ आहेत.

झाडू कोणाच्या हाती

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आम्ही शेवटी घेत आहोत. शाळा कोण झाडते, यावरून मुले समाज शिकतात. झाडलोट ठरावीक मुलांकडे गेली, मुलींकडे गेली, किंवा चुकलेल्या मुलाला शिक्षा म्हणून दिली गेली, तर स्वच्छता चांगली आणि स्वच्छता करणारा हलका, असे परस्परविरोधी दोन धडे मुले एकाच वेळी घेतात. आपल्या पूर्वजांनी हा दुसरा धडा शतकानुशतके सोसला आहे.

म्हणून आमचे नियम साधे आहेत. झाडू शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. पाळीचा तक्ता भिंतीवर लावावा, त्यात मुलगे आणि मुली सारख्याच असाव्यात, आणि शिक्षकांचीही नावे असावीत. शौचालयाच्या सफाईत ॲसिडसारखे पदार्थ हाताळणे हे मोठ्यांचेच काम. मुलांनी पाणी ओतावे, ब्रश फिरवावा, बादली भरून ठेवावी आणि नंतर हात धुवावेत. सफाईचे काम करणाऱ्या व्यक्तीला नावापुढे काका, मावशी म्हणूनच हाक मारली जावी.

महाराष्ट्रात याचे थोर आदर्श आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहून आपली कामे आपल्या हातांनी करीत. संत गाडगेबाबा गावात शिरताच आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनात शिक्षणाचे महत्त्व सांगत. बाबासाहेबांना त्यांच्याविषयी अतीव आदर होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. थेरगाथेतील सुनीत थेर तर पूर्वायुष्यात रस्ते झाडणारे होते. भगवंतांनी त्यांना संघात बोलावून घेतले. हातातील झाडूमुळे त्यांची योग्यता उणी ठरली नाही.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत मुले घरी जातात. वर्षभर लागलेली सवय त्या दिवसांत टिकते वा सुटते. पालकांना आमची तीन मागणी आहेत. घरी साबणाची एक वडी पाण्याच्या भांड्याजवळ ठेवावी. मुलांच्या हाती मिश्री देऊ नये. ती भाजलेली तंबाखूच आहे, दंतमंजन नव्हे. आणि मूल जेवणाआधी हात धुऊ लागले तर त्याची 'शाळेत जाऊन साहेब झाला' अशी थट्टा करू नये, त्याच्यासोबत आपणही हात धुवावेत. अनेक घरांत ही सवय मुलांकडून आईवडिलांकडे गेली आहे, आणि यात आईवडिलांच्या मोठेपणाला बाध येत नाही.

माजी विद्यार्थी शाळेला भेट देताना खाऊ आणतात, पुस्तके आणतात. त्याचा आम्हांला आनंदच आहे. त्याबरोबर नळाची एक तोटी, साबणाचा एक खोका, फण्या, नखकात्रणे, चपलांचे जोड अशा वस्तूही आणल्या, तर त्या रोज वापरल्या जातील. त्याहून मोठी भेट म्हणजे एक दिवस येथे राहणे. सकाळच्या वंदनेनंतर पाळीच्या तक्त्यावर आपले नाव लिहावे आणि लहानग्यांबरोबर आवार झाडावे. आपल्यापैकी कोणी आज अधिकारी आहे, कोणी परिचारिका, कोणी शिक्षक, कोणी कारखान्यात कुशल कामगार. ती माणसे खराटा हाती घेताना पाहिली, की पहिलीतील मुलाला जे कळेल, ते आम्ही वर्षभर फळ्यावर लिहूनही त्याला कळणार नाही.